डाव्या बाजूचा उजेड

१

त्याला घरीदारी सगळे रंगारी म्हणत, पण त्याने आयुष्यात कधी भिंतीला कुंचला लावला नव्हता. लग्नानंतर लगेचच त्याने एक शर्ट दुकानात परत नेला. दुकानातल्या ट्यूबखाली तो राखाडी दिसत होता आणि उन्हात नेल्यावर हिरवट. बदलून आणलेला शर्टही त्याने परत नेला. तेव्हा बायकोने वैतागून हे नाव ठेवलं आणि ते चिकटलं ते चिकटलंच. त्याची आईसुद्धा शेजारणीशी बोलताना ‘आमचा रंगारी’ म्हणायला लागली.

नवराबायकोचा धंदा एकच होता. विकायच्या किंवा भाड्याने द्यायच्या घरांचे फोटो बायको काढून आणायची आणि तो घरी बसून ते सुधारायचा. सुधारायचा म्हणजे घराला नटवायचं नाही, हा त्याचा नेम. आकाशी भिंत आकाशीच दिसायला हवी, आणि ती आपल्या पडद्यावर दिसते तशीच परक्या माणसाच्या फोनवर दिसायला हवी. ऐकायला हे सोपं वाटतं. त्यासाठी त्याने स्वतःची खोली चारी बाजूंनी करडी रंगवून घेतली होती. खिडकीला जाड पडदा होता, टेबलावर एकही रंगीत वस्तू नसे आणि कामाला बसताना तो काळाच बनियन घाले, कारण अंगावरच्या कपड्याचा रंगसुद्धा पडद्यावर सांडतो म्हणे. दर महिन्याला तो पडद्यावर एक मापकयंत्र कोळ्यासारखं लटकवून ठेवी आणि पडदा खरं बोलतोय की नाही ते तपासून घेई.

बायको प्रत्येक खोलीतला पहिला फोटो एक करडं कार्ड समोर ठेवून काढायची. त्या कार्डावरून त्याला कळे, की खोलीतला उजेड किती पिवळा आणि किती निळा. मग तो बाकीचे फोटो त्या हिशेबाने सरळ करायचा. शेवटी जगातल्या बहुतेक पडद्यांना समजतं त्या साध्या मापात फाईल उतरवायची आणि तिच्या पोटात प्रोफाइल ठेवायची. प्रोफाइल म्हणजे समोरच्या फोनसाठी चिठ्ठीच, हे रंग असे असे वाच म्हणून. ती चिठ्ठी वाटेत गळून पडली की रंग भरकटतात. त्याची चिठ्ठी कधी गळत नसे. निदान त्याचा तसा समज होता.

२

सुरुवात एजंटच्या फोनने झाली. हा एजंट मोठा बोलघेवडा माणूस. घरांच्या किल्ल्यांचा जुडगा आणि स्वतःची जीभ, दोन्ही सतत खुळखुळत ठेवणारा. त्याने सांगितलं, की परवा वेबसाइटवर चढवलेल्या घरात आतल्या खोलीची भिंत पिवळी दिसते. गिऱ्हाईक बघायला गेलं तर भिंत पांढरी. गिऱ्हाईक विचारतंय, फोटो भलत्याच घराचे टाकता की काय.

रंगारी म्हणाला, त्यांच्या फोनला डोळ्यांना त्रास होऊ नये म्हणून पिवळेपणा लावून ठेवला असेल, तो काढायला सांगा.

“अहो, माझ्या फोनवर तसंच आहे. आमच्या हिच्या फोनवरही. कावीळ झालेल्याला सगळं पिवळं दिसतं, कबूल. पण एकदम सगळ्या गावाला कावीळ कशी होईल?”

रंगाऱ्याने आपल्याजवळची फाईल उघडली. भिंत पांढरी होती, किंचित निळसर झाक असलेली, दुपारच्या खिडकीच्या उजेडात असते तशी. मग त्याने साइट उघडली. तिथे भिंत पिवळी. चिठ्ठी गळली, असं म्हणून त्याने फाईल नव्याने उतरवली, प्रोफाइल पुन्हा तपासली आणि फोटो परत चढवला. पुन्हा पिवळी.

मग त्याने नीट पाहिलं आणि मनात शंकेची पाल चुकचुकली. खिडकीची पांढरी चौकट पांढरीच होती. फरशी करडी ती करडीच. कोपऱ्यात जुन्या भाडेकरूंची विसरलेली प्लास्टिकची बादली होती, तिचा निळा तंतोतंत. पिवळी होती ती फक्त समोरची भिंत, तीही पुरती नाही. डावीकडून पिवळा रंग निघत होता आणि उजवीकडे जाता जाता विरत होता.

प्रोफाइल चुकली की सगळं चित्र चुकतं. पाण्यात शाई पडली तर सगळं पातेलं निळं होतं, अर्धंच होत नाही. हे त्याला पाठ होतं, आणि समोर अर्धंच पातेलं निळं झालेलं दिसत होतं.

त्याने फाईल पेनड्राइव्हवर घेतली आणि बाहेर आईच्या टीव्हीला लावली. आई तिची मालिका बंद पडल्यामुळे कुरकुरत होती. टीव्हीवर भिंत पांढरी आली. तीच फाईल त्याने मेलने एजंटला पाठवली आणि एजंटचा निरोप आला, पिवळी. घरात असेतो भिंत शुद्धीवर असे. उंबरा ओलांडला की तिला काहीतरी होई.

३

पुढच्या घराचंही तसंच झालं. त्याच्या पुढच्याचंही.

आता रंगारी रंग बघायचा सोडून पिवळेपणाच बघत बसू लागला. रंग आणि उजेड यांतला फरक त्याच्याइतका कोणाला कळणार? रंग भिंतीला असतो, उजेड भिंतीवर पडतो. रंग सगळीकडे सारखा बसतो. उजेड दूर जाता जाता पातळ होतो, कोपऱ्यात मुडपतो, कडांवर सांडतो. चढवलेला फोटो त्याने मोठा करून पाहिला. भिंतीवर एक रिकामा खिळा होता. मूळ फाईलमध्ये त्या खिळ्याला सावली नव्हती. इथे होती, बारीक, उजवीकडे कललेली.

म्हणजे भिंत पिवळी नव्हती. भिंतीवर दिवा पडला होता.

त्याने बायकोला सहज विचारल्यासारखं विचारलं, की फोटो काढताना तू एखादा दिवा लावतेस का. ती म्हणाली, त्या घराचं तर मीटरसुद्धा काढून नेलंय, दिवा लावू कुठला. तिला अशी घरं आवडत. भरल्या घरात लोक मधेमधे येतात, पसारा लपवतात, आमची खोली मोठी दाखवा म्हणतात. रिकाम्या घरात ती एकटीच असे, गुणगुणत असे, कॅमेरा तिकाटण्यावर चढवून या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात जात असे.

त्याने तिन्ही घरांचे फोटो शेजारी शेजारी मांडले. आधी त्याला वाटलं, उजेड शेजारच्या खोलीच्या दारातून येतोय. पहिल्या घरात डावीकडे दार होतं खरं. पण दुसऱ्या घरात डावीकडे सरळ भिंत होती, दार नाही की खिडकी नाही. तिसऱ्यात डावीकडे उघडी गच्ची होती आणि बाहेर लख्ख दुपार. तरी पिवळेपणा डावीकडूनच, आणि तेवढ्याच उंचीवरून. साधारण माणसाने हातात दिवा धरला तर असेल तेवढ्या.

खोल्या वेगळ्या, घरं वेगळी, मालक वेगळे. सारखी होती ती एकच गोष्ट. उजेड घरातला नव्हता. तो चौकटीबाहेरून येत होता, कॅमेऱ्याच्या डाव्या हाताकडून. आणि कॅमेऱ्याच्या मागे बायको उभी असायची.

४

त्याने तिला दाखवायचं ठरवलं. ती आली, टेबलापाशी वाकली, तिने पाहिलं, आणि म्हणाली की साइटवाल्यांचा घोळ आहे, ते फोटो दाबून लहान करतात, त्यात असं होतं. हे तूच मला शिकवलंस. तो म्हणाला, दाबल्याने खिळ्याला सावली फुटत नाही. ती हसली. म्हणाली, तू दिवसभर या काळोख्या खोलीत बसतोस, दोन दिवस उन्हात फीर, सगळं ठीक होईल.

“माझं ऐक. काही दिवस रिकामी घरं घेऊ नको.”

“मग खायचं काय, तुझं करडं कार्ड?”

वाद तिथेच मिटला, म्हणजे तिने मिटवला. ती बॅग उचलून गेली.

ती गेल्यावर त्याने तिसऱ्या घराचा साइटवरचा फोटो पुन्हा उघडला. सावल्या उचलून पाहिल्या, म्हणजे काळोखे भाग उजळवून. उजवीकडच्या भिंतीवर, जिथे डोळ्याला काही दिसत नव्हतं, तिथे एक फिकट आकार वर आला. तिकाटण्याचे तीन पाय. त्यामागे वाकलेली बाई, मानेवर अंबाडा. बायकोची सावली. डावीकडून दिवा पडला तर ती पडायला हवी तिथेच पडली होती, मापात, कुठे बोट ठेवायला जागा नव्हती. त्याला जरा हायसंच वाटलं. दुसरं कोणी नव्हतं. एकच सावली होती.

दिवा धरणाऱ्याची सावली त्याच्या मागे पडते, समोर पडत नाही, हे त्याला नंतर सुचलं. तेव्हा तो मोरीत भांडी विसळत होता. हातातली ताटली त्याने खाली ठेवली आणि नळ बंद केला.

संध्याकाळी ती परत आली तेव्हा तो एवढंच म्हणाला, उद्या मी येतो तुझ्याबरोबर.

५

घर तिसऱ्या मजल्यावर होतं. लिफ्ट होती, जिन्यात फिनाइलचा वास होता, खालून कोणाचं तरी रेडिओवर बोलणं ऐकू येत होतं. घाबरण्यासारखं काहीही नव्हतं. एजंटने दार उघडून दिलं, रंगाऱ्याला पाहून म्हणाला, आज साक्षात रंगारी साहेब, आता भिंतींची खैर नाही. आणि किल्ली बायकोच्या हातात देऊन खाली गाडीत फोनवर बोलायला गेला.

आतल्या तिन्ही खोल्या रिकाम्या. भिंतींवर जिथे कपाटं होती तिथे उजळ चौकोन. पावलं घुमत होती. रंगाऱ्याने सगळी दारं उघडून पाहिली, दिव्यांची बटणं दाबून पाहिली. एकही लागला नाही. मग तो दारात उभा राहिला आणि त्याने बायकोला काम करू दिलं.

तिने करडं कार्ड खिडकीत टेकवलं, फोटो काढला, कार्ड उचललं, पुन्हा काढला. त्याचं सगळं लक्ष तिच्या डाव्या हाताकडच्या जागेवर होतं. तिथे फरशी होती आणि हवा होती. एकदा मात्र त्याला वाटलं, की पुढच्या कोपऱ्याकडे जाताना तिने तिकाटणं सरळ न नेता थोडं वळसा घालून नेलं, गर्दीत आपण कोणाला धक्का लागू नये म्हणून घेतो तसा. पण फरशीला उंचवटा असेल. तो तिथे जाऊन उभा राहिला. फरशी सपाट होती.

“इथूनच चढव आत्ता,” तो म्हणाला. “माझ्यासमोर.”

तिने कॅमेऱ्यातले फोटो फोनवर घेतले आणि तिथेच खिडकीपाशी उभं राहून साइटवर टाकले. चक्र फिरत राहिलं. मग तिने फोन त्याच्यासमोर धरला.

भिंत पांढरी होती. त्याने दुसरा फोटो पाहिला, तिसरा पाहिला. सगळे बरोबर. कुठे पिवळेपणाचा थेंब नाही, कुठल्या खिळ्याला सावली नाही. त्याने खाली एजंटला फोन लावून त्याच्याकडे बघायला सांगितलं. एजंट म्हणाला, झकास, दुधासारखी भिंत आहे.

रंगाऱ्याचे खांदे सैल पडले. गेल्या कित्येक दिवसांत आला नव्हता असा मोकळा श्वास त्याला आला. चूक साइटवाल्यांचीच होती आणि त्यांनी ती निस्तरली होती. तो हसत फोनवरून वर बघत काहीतरी थट्टेचं बोलणार होता, की तू म्हणालीस तेच खरं, मला दोन दिवस ऊन हवंय.

मग त्याने तिच्याकडे पाहिलं.

बायको त्याच्याकडे तोंड करून उभी होती. खिडकी तिच्या उजव्या हाताला होती. त्यामुळे तिचा उजवा गाल निळसर पांढरा होता, दुपारचा, बरोबर. डावा गाल सावलीत असायला हवा होता. तो सावलीत नव्हता. कानापासून नाकाच्या कडेपर्यंत त्यावर एक ऊबदार पिवळा पडला होता आणि डाव्या डोळ्याच्या बुबुळात पिवळा ठिपका चमकत होता.

त्याने मान वळवून पाहिलं. तिकडे भिंत होती, पांढरी, थंड.

“काय रे?” ती म्हणाली.

“काही नाही,” तो म्हणाला. “चल, खाली जाऊ.”

६

घरी आल्यावर त्याला वाटलं, तिथेच राहिलं असेल. राहिलं नव्हतं. ती स्वयंपाकघरात उभी असो, न्हाणीघरातून केस पुसत येवो, पलंगावर कुशीवर पडो, तोंड कुठल्याही दिशेला असो, उजेड तिच्या डाव्या गालावरच असे. घर तिच्याभोवती फिरे, दिवा तिच्याबरोबर फिरे.

दुसऱ्या दिवशी तो मुकाट्याने डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेला. डॉक्टरांनी थेंब घातले, यंत्रात हनुवटी टेकवायला लावली. म्हणाले, डोळे स्वच्छ आहेत, मोतीबिंदूची सुरुवात असती तर सगळंच पिवळट दिसलं असतं. सगळंच, हा शब्द त्याला नेमका नको होता.

मग एका दुपारी त्याने नवीन लेन्स तपासायची म्हणून बायकोला खुर्चीवर बसवलं आणि तिच्या गालाशेजारी करडं कार्ड धरलं. त्याच्या डोळ्यांना कार्डाची डावी कड पिवळी दिसत होती, उजवी करडी. त्याने फोटो काढला, करड्या खोलीत नेऊन पडद्यावर उघडला आणि कार्डावरचे आकडे वाचले. डावीकडे जे, उजवीकडे तेच. तांबडा, हिरवा, निळा, तिन्ही सारखे. फोटो त्याने साइटवर चढवून पाहिला, मेलने पाठवून पाहिला, दुसऱ्या फोनवर उघडून पाहिला. कुठेही नेला तरी बायकोचा चेहरा जसाच्या तसा, निर्मळ. आजवर ज्यासाठी तो धडपडला ते हेच होतं, आणि ते त्याला आता बघवत नव्हतं. चित्र खरं झालं होतं. खोट ती बायकोतच होती, किंवा त्याच्यात.

हे कोणाजवळ बोलणार? आईजवळ तो आडून बोलून बघायला गेला. आई पलंगावर बसून कपड्यांच्या घड्या घालत होती. त्याने विचारलं, सूनबाई कशी वाटते गं तुला हल्ली, थकल्यासारखी?

“थकलेली कुठली,” आई म्हणाली. तिने दाराकडे एकदा पाहिलं आणि आवाज खाली आणला. “उलट चेहऱ्यावर तेज आलंय बघ तिच्या. मी मुद्दाम विचारलं नाही. गोड बातमी आहे का काही?”

तो नाही म्हणाला. मग त्याने विचारलं, तेज म्हणजे, सगळ्या चेहऱ्यावर?

आई घडी घालता घालता थांबली. बहुधा आठवत असावी. “या बाजूला जास्त,” ती म्हणाली, आणि तिने सहजपणे स्वतःच्या डाव्या गालाला हात लावला.

७

रिकाम्या घरांचं काम त्याने बंद करवलं. म्हणजे एजंटला परस्पर फोन करून सांगितलं, की महिनाभर आम्हाला जमणार नाही. बायकोला कळल्यावर ती रागावेल, अशी त्याची अटकळ होती. ती रागावली नाही. बरं, म्हणाली, आणि खिडकीतल्या खुर्चीवर जाऊन बसली. यानेच तो जास्त धास्तावला.

उजेड वाढत होता. उजेड वाढतो तो दोन कारणांनी, दिवा मोठा होतो किंवा जवळ येतो. हा जवळ येत होता. गालावर त्याची कड आता धारदार झाली होती. नाकाची सावली उजव्या गालावर पडायला लागली होती. तिच्या कानामागचे भुरभुरते केस सोनेरी झाले होते. ती अशी दिसू लागली होती की कोणीही वळून पाहावं, आणि रंगारी मात्र नजर दुसरीकडे वळवी.

त्या दुपारी ती खिडकीपाशी शर्टाला बटण लावत होती. तिच्या उजव्या हाताला उघडी खिडकी, बाहेर स्वच्छ ऊन, रस्त्यावर कोणीतरी गाडी धूत होतं त्याचा आवाज. तो दारात उभा राहून बघत होता. तिच्या डाव्या गालावरचा उजेड मंद झाला. मग पुन्हा तेजाळला. पुन्हा मंद झाला, आणि या वेळी त्याला दिसलं, की मंद होताना त्यावरून चार लांबट सावल्या सरकल्या, एकीला एक लागून. ज्योत विझू नये म्हणून कोणी तिच्याभोवती हाताचा आडोसा करावा तशा.

त्याने विचार केला नाही. विचार करून करून तो थकला होता. तो झपझप खोलीत शिरला आणि तिच्या डाव्या बाजूला, खुर्चीला अगदी चिकटून, पाठ भिंतीकडे करून उभा राहिला.

त्याची सावली तिच्यावर पडली. खिडकी समोर असताना, ऊन पलीकडून येत असताना, त्याची सावली तिच्या खांद्यावर, मानेवर, गालावर पडली आणि गाल विझला. एवढ्या दिवसांनी त्याने तिचा चेहरा तिच्या स्वतःच्या रंगात पाहिला. सावळा, थोडा ओढलेला, डोळ्यांखाली करडी वर्तुळं. पाठीला शेक लागत होता, बनियनमधून, दोन खांद्यांच्या मधोमध. शेकोटीला पाठ करून उभं राहिल्यासारखा. त्याने मागे वळून पाहायचं नाही असं ठरवलं. असंच उभं राहायचं. रात्री हिच्या डाव्या कुशीला झोपायचं, रस्त्याने हिच्या डाव्या हाताला चालायचं. जमेल, असं त्याला खरंच वाटलं. माणसं याहून अवघड गोष्टी जन्मभर करतात.

बायकोने सुई कापडातून ओढली आणि डोळे बारीक करून बटणाकडे पाहिलं. शर्ट जरा वर धरला, जरा खाली धरला. मग मान वर न करता, कोपराने त्याला हलकेच ढकलत ती म्हणाली,

“जरा बाजूला हो ना. उजेड अडवतोयस.”